काल रात्री गाणं का थांबवलं?

(माजी विद्यार्थी मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या सभागृहात केलेलं भाषण)



या सभागृहात मी याआधी एकदाच भाषणाला उभा राहिलोय. आठवीत, टिळक पुण्यतिथीला. अध्यक्ष महाशय, गुरुजनवर्ग, एवढं म्हटलं, पुढचं विसरलो आणि तसाच खाली उतरलो. आज कागद आणलाय. त्यामुळे तुमची सुटका लवकर होणार नाही.

शाळेत मी व्यासपीठावर कमी आणि व्यासपीठाच्या मागे जास्त असायचो. गॅदरिंगचा पडदा ओढायचा, सतरंज्या अंथरायच्या, माइकची वायर कुणाच्या पायात येऊ नये म्हणून धरून बसायचं. दहावीला गणितात पस्तीस पडले आणि पुढे तेच काम धंदा झालं. मांडव, लाइट, साउंड. तीस वर्षं होऊन गेली. म्हणून आपल्या समितीनं कालच्या मैदानावरच्या गाण्यांच्या कार्यक्रमाचा मांडव माझ्याकडे दिला आणि त्याबरोबर सुरक्षेची जबाबदारीही माझ्याच गळ्यात घातली.

काल रात्री ८ वाजून ४० मिनिटांनी मी कार्यक्रम थांबवला. संगीताच्या बाई गात होत्या. दुसरं कडवं चालू होतं. दीड हजार लोक गप्प बसून ऐकत होते आणि मी हात वर केला. आवाज बंद झाला. तुम्हाला सगळ्यांना उठवून वर्गात पाठवलं.

मग पाऊस किती पडला? धूळ बसेल एवढाही नाही. वीज कुठे पडली नाही. वाऱ्यानं चार पताका तुटल्या, बस्स. रात्री जेवताना माझ्या पाठीमागे कुणीतरी म्हणालं, याला शाळेत कधी मॉनिटर केलं नाही, त्याचा वचपा काढला बघ. मीही हसलो. पण रात्री झोप लागली नाही. म्हणून सकाळी अध्यक्षांकडून पंधरा मिनिटं मागून घेतली. काल काय झालं, का झालं आणि माझं काय चुकलं, हे सांगतो.

तीन आठवड्यांपूर्वी आम्ही चौघं मैदानावर फिरलो. मुख्याध्यापिका मॅडम, पी.टी.चे सर, शिपाईमामा आणि मी. मुद्दाम संध्याकाळी सात वाजता गेलो, कारण कार्यक्रम त्याच वेळी होता. दुपारी दिसणारा खड्डा संध्याकाळी दिसत नाही. हातात शंभर पानी वही. प्रत्येक ठिकाणी उभं राहून एकच प्रश्न विचारायचा: इथं कुणाला, कशानं इजा होऊ शकेल? तेवीस गोष्टी निघाल्या. खरं सांगतो, त्यातल्या निम्म्या शिपाईमामांनी सांगितल्या. कुठल्या पायरीचा दगड हलतो, कुठल्या खोलीचं कुलूप अडतं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार?

मग प्रत्येक गोष्टीपुढे दोन आकडे लिहिले. हे घडण्याची शक्यता पाचपैकी किती आणि घडलं तर परिणाम पाचपैकी किती वाईट. दोन्हींचा गुणाकार करायचा. गणिताच्या सरांनो, एवढा गुणाकार मला येतो. सतरंजीत पाय अडकून पडणं: शक्यता चार, परिणाम दोन, गुण आठ. वीज पडणं: शक्यता दोन, परिणाम पाच, गुण दहा. ओल्या गवतात केबलचा शॉक: शक्यता तीन, परिणाम पाच, गुण पंधरा. हे आकडे काही पंचांगातले नाहीत, आपलेच अंदाज असतात. त्यांचा उपयोग एवढाच, की आधी कशाला हात घालायचा ते कळतं. नाहीतर आपण स्वागताच्या रांगोळीवर दोन तास वाद घालतो आणि मागच्या गेटची किल्ली कुणाकडे आहे हे कुणालाच माहीत नसतं.

पहिली काट उन्हावर मारली. मूळ पत्रिकेत कार्यक्रम पाच वाजता होता. मे महिना, उघडं मैदान आणि पहिल्या रांगेत सत्तरी-ऐंशीचे आपले शिक्षक. खारघरला १६ एप्रिल २०२३ ला उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमात उष्माघातानं १४ माणसं गेली, ते आपण सगळ्यांनी वाचलंय. कार्यक्रम सातवर नेला. पत्रिका पुन्हा छापाव्या लागल्या. खजिनदार आठ दिवस माझ्याशी बोलत नव्हता.

दुसरी गोष्ट वाटांची. आपलं मोठं गेट बारा फुटांचं. सपाट जागेवर एक मीटर रुंदीच्या वाटेतून मिनिटाला साधारण ८० माणसं बाहेर पडतात, असा हिशेब धरतात. बारा फूट म्हणजे साडेतीन मीटरच्या थोडं वर, म्हणजे मिनिटाला २९० माणसं. दीड हजार लोक पाच मिनिटांत बाहेर. ऐकायला छान. पण स्वागत कमानीचे खांब, एक वडापावची गाडी आणि ओळीनं लावलेल्या मोटरसायकली आल्या की ते गेट सहा फुटांचंच उरतं. म्हणजे दहा मिनिटांच्या वर. आणि नेमकं गेटपाशीच काही झालं, तर मागच्या चार फुटी फाटकातून सगळ्यांना बाहेर पडायला पंधरा मिनिटं लागतील. तेही त्याला कुलूप नसेल तर.

येण्याची आणि जाण्याची वाट एकच असली की काय होतं, हे जर्मनीतल्या डुइसबर्ग शहरात दिसलं. २४ जुलै २०१० ला तिथल्या लव्ह परेड या संगीताच्या सोहळ्यात आत येणारे आणि बाहेर जाणारे एकाच उतारावर समोरासमोर आले. २१ जणांचा जीव गेला. आग नाही, पूर नाही. एका चौरस मीटरमध्ये दोन-तीन माणसं असली तर प्रत्येकजण आपल्या मर्जीनं पाऊल टाकतो. सहा-सात झाली की पाय टाकायला जागाच राहत नाही, गर्दी पाण्यासारखी हिंदकळते आणि छाती दाबली जाऊन श्वास कोंडतो. ती माणसं धक्काबुक्की करत नसतात. मागच्याला पुढचं दिसत नसतं, एवढंच.

म्हणून कमान गेटच्या बाहेर घेतली, वडापाव रस्त्यापलीकडे नेला, मागच्या फाटकाचं कुलूप काढून शिपाईमामांच्या खिशात दिलं आणि विहिरीकडच्या बाजूचं दहा फूट तारेचं कुंपण सोडवलं. आता मोठं गेट बंद पडलं तरी साडेचार मिनिटांचा हिशेब बसत होता. दोन हजार खुर्च्यांचा आग्रह होता, तो बाराशेवर आणला. पुढे मुलांसाठी सतरंज्या टाकल्या.

तिसरी गोष्ट फ्लेक्सची. ज्या मित्रानं तो हौसेनं करून आणला, तो समोर बसलाय, नाव घेत नाही. वीस फूट बाय दहा फूट, त्यावर आपल्या सगळ्या शिक्षकांचे फोटो. तो त्याला स्टेजच्या मागे, लोखंडी ट्रसवर, उंच लावायचा होता. मी नाही म्हणालो. तो म्हणाला, कापडच तर आहे. गड्या, ताशी ३६ किलोमीटरच्या वाऱ्यात त्या कापडावर साधारण ११० किलोचा रेटा बसतो. वारा दुप्पट झाला की रेटा दुप्पट नाही, चौपट होतो: ४५० किलो. आणि वळवाच्या पावसाआधी असा वारा सुटतो हे शेतकऱ्याच्या पोराला सांगायला नको. १३ मे २०२४ ला घाटकोपरला असल्याच वादळी वाऱ्यात होर्डिंग कोसळून १७ माणसं गेली. तुझा फ्लेक्स मी शाळेच्या दगडी भिंतीवर लावला. काल संध्याकाळी सगळे सर-बाई त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढत होते. ट्रसवर असता तर तिथवर कुणाला पोचता आलं असतं?

आता विजेच्या शॉकची गोष्ट. ही मी फारशी कुणाला सांगत नाही.

१९९७ साल. शेजारच्या तालुक्यात एका जत्रेत ऑर्केस्ट्रा होता आणि लाइटचं काम माझं होतं. धूळ उडू नये म्हणून मैदानावर पाणी मारलेलं. एका केबलला मध्ये जॉइंट होता, वर नुसती टेप गुंडाळलेली. तो मी दुपारी पाहिला होता. पाहिला आणि म्हणालो, चालतंय. रात्री नऊच्या सुमाराला माझ्याकडचा एकोणीस वर्षांचा पोरगा लोखंडी खांबाला चिकटला. कुणीतरी मेन स्विच ओढला म्हणून वाचला. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं आजही मिटत नाहीत. त्याच्या आईनं मला एक शब्द बोलून दाखवला नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर माझ्या प्रत्येक बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी असतो. साठ वॉटच्या बल्बातून जेवढा करंट वाहतो, त्याच्या नवव्या हिश्श्याएवढा जरी भलतीकडे गळायला लागला, तरी तो पापणी लवायच्या आत लाइन तोडतो. अर्थिंग मी स्वतः तपासतो. पण खरा फरक त्या खटक्यानं पडला नाही. चालतंय हा शब्द मी धंद्यातून काढून टाकला, त्यानं पडला. तो पोरगा आता सत्तेचाळीसचा आहे आणि अजून माझ्याबरोबर आहे. काल जनरेटरपाशी जो बसला होता, तोच तो.

आता वीज आणि काल रात्र.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजायचे. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला, म्हणजे वादळ दहा किलोमीटरच्या आत आहे आणि पुढची वीज आपल्या डोक्यावर पडू शकते. वर पाऊस असो वा नसो. त्या क्षणी उघड्यावरचं सगळं थांबवून पक्क्या इमारतीत जायचं. मांडव म्हणजे इमारत नव्हे, झाडाखालची जागा तर नव्हेच नव्हे. आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. हा नियम माझा नाही, जगभर पाळतात. वहीत आम्ही तो जसाच्या तसा लिहिला होता. तीस सेकंदांच्या आत, तर बंद.

आणि त्याच्या खाली आणखी एक ओळ लिहिली. बंद करायचं कुणी ठरवायचं? या ओळीवर समितीत सगळ्यात जास्त वेळ गेला. कुणी म्हणालं अध्यक्षांनी, कुणी म्हणालं सगळ्यांनी मिळून. मी त्यांना अमेरिकेतल्या इंडियाना राज्याच्या जत्रेची गोष्ट सांगितली. १३ ऑगस्ट २०११. गाण्याच्या कार्यक्रमाआधी वादळ येताना दिसत होतं. निवेदकानं स्टेजवरून लोकांना सांगितलंही, की हवामान बिघडतंय, पण कार्यक्रम होईल अशी आशा आहे. थोड्याच मिनिटांत वाऱ्यानं स्टेजचं छत लोकांवर कोसळलं. सात माणसं गेली. नंतरच्या चौकशीत निघालं ते असं, की कार्यक्रम थांबवायचा अधिकार नेमका कुणाचा, हेच स्पष्ट नव्हतं. वादळ सगळ्यांना दिसत होतं. थांबा म्हणण्याचं काम मात्र कुणाच्याच नावावर नव्हतं.

म्हणून वहीत एक नाव लिहिलं गेलं. माझं. मी नसलो तर पी.टी.च्या सरांचं. थांबवताना कुणाला विचारायचं नाही आणि थांबवल्यावर तिथल्या तिथे वाद घालायचा नाही, यावर सगळ्यांनी सह्या केल्या. काल वचपा काढला म्हणणाऱ्याचीही सही त्यात आहे, मी सकाळी पाहिली.

८ वाजून २० मिनिटांनी वायव्येला पहिली वीज दिसली. पन्नासच्या पुढे मोजलं. ८:३३ ला अडतीस. ८:४० ला सत्तावीस. सत्तावीस म्हणजे नऊ किलोमीटर. मी हात वर केला.

साउंड बंद झाला, पण दिवे गेले नाहीत, हे तुमच्या लक्षात आलं असेल. दिवे वेगळ्या जनरेटरवर होते. अंधारात दीड हजार माणसं उठवायची नसतात. सूचना बॅटरीच्या मेगाफोनवरून दिली. चौदा वर्गांची कुलपं संध्याकाळी सहालाच उघडलेली होती आणि बाकं मागे सरकवलेली होती. एका वर्गात ऐंशी माणसं, उरलेली या सभागृहात. कडुलिंबाभोवती दुपारीच दोरी बांधली होती, कारण पावसाची चाहूल लागली की माणूस झाडाकडेच जातो. व्हरांड्याच्या प्रत्येक पायरीपाशी बॅटरी घेऊन दहावीचा एकेक मुलगा किंवा मुलगी उभी होती. पायऱ्यांची मला फार धास्ती. २५ नोव्हेंबर २०२३ ला कोचीच्या विद्यापीठात गाण्याच्या कार्यक्रमाआधी पाऊस आला, बाहेर थांबलेले लोक आसऱ्यासाठी आत घुसले आणि दाराच्या आत लगेच उतरत्या पायऱ्या होत्या. चारजण गेले, त्यांतले तीन तिथलेच विद्यार्थी. पावसानं कुणी मेलं नाही. पाऊस टाळायला सगळे एकदम एकाच बाजूला गेले, म्हणून मेले.

शेवटचा गडगडाट ९ वाजून २ मिनिटांनी झाला. ९:३२ ला पुन्हा सुरू केलं. दहा वाजता ध्वनिक्षेपक बंद करावाच लागतो, त्यामुळे अठ्ठावीस मिनिटंच मिळाली. तोवर बाई घरी गेल्या होत्या.

आता माझ्या चुका.

पहिली. हिशेबात मी साडेचार मिनिटं धरली होती, लागली सात. मी माणसं मोजली, पण चपला मोजल्या नाहीत. सतरंजीवरची मुलं चपला शोधत बसली आणि त्यांच्या आया मुलं शोधत बसल्या. पुढच्या वेळी चपला घालूनच बसायचं, सतरंजी मळली तर मळू दे.

दुसरी मोठी आहे. आपले माजी मुख्याध्यापक सर पहिल्या रांगेत व्हीलचेअरवर होते. वहीत सतरावा मुद्दा होता: वृद्ध व अपंग यांना प्रथम हलवणे. पुढे कुणाचं नाव नव्हतं. सगळ्यांना वाटलं दुसरं कुणीतरी नेईल. चार मिनिटं सर त्या मोकळ्या मैदानात, रिकाम्या खुर्च्यांसमोर एकटे बसून होते. अखेर नववीतल्या दोन मुली आणि शिपाईमामा धावले, तर व्हरांड्याला तीन पायऱ्या. खुर्ची उचलून न्यावी लागली. सर मला नंतर म्हणाले, मी तर मजेत ढग बघत होतो. सर, तुमचा स्वभाव आम्हाला माहीत आहे. तुम्ही मला नेहमीच पदरचे मार्क देत आलात. पण ती चार मिनिटं माझ्या नावावर आहेत. ज्या कामापुढे नाव लिहिलेलं नसतं, ते काम कुणीच करत नाही, हे इंडियानाची गोष्ट सांगणाऱ्या माणसाला कळायला हवं होतं.

तिसरी चूक बाईंच्या बाबतीत. शुक्रवारच्या तालमीत मी सगळ्या कलाकारांना सांगितलं, की मी हात वर केला की जिथं असाल तिथं थांबायचं. तेव्हा बाईंनी विचारलं, कडवं तरी पूर्ण करू देशील ना रे? मी हो बाई म्हणालो. तिथं नाही म्हणायला हवं होतं. पण तुमच्यासमोर नाही म्हणायची सवयच नाही हो. मग काल दीड हजार माणसांसमोर शब्द मोडावा लागला. आधी, एकट्यात, शांतपणे नाही म्हटलं असतं, तर तुमचा अपमान झाला नसता. बाई, त्याबद्दल तुमची मनापासून माफी मागतो. गाणं थांबवलं त्याबद्दल मात्र मागत नाही. आज तसंच आभाळ आलं आणि तसंच सत्तावीस मोजलं, तर मी पुन्हा थांबवीन.

काही झालं नाही, मग कशाला थांबवलंस, असं काल मला निदान वीस जणांनी विचारलं. माझ्याकडे याचं ठोस उत्तर नाही. न पडलेली वीज दाखवता येत नाही. १९९७ साली त्या पोराला शॉक बसला नसता, तर तो जॉइंट मी पुढेही तसाच वापरत राहिलो असतो आणि चालतंय म्हणत राहिलो असतो. काही झालं नाही याचा अर्थ सगळं ठीक होतं असा नसतो, हे मी दुसऱ्याच्या बोटांवर शिकलोय.

शेवटी दोन मागण्या. ही वही मी आज मुख्याध्यापिका मॅडमकडे देतोय. पुढची बॅच मैदानावर कार्यक्रम करील, तेव्हा तिनं इथून पुढे लिहावं. सतराव्या मुद्द्यापुढे मी सकाळी जागा सोडलीये, तिथं दर वेळी नाव लिहावं. दुसरी मागणी खजिनदाराकडे. मेळाव्याच्या खर्चातून जे शिल्लक राहील, त्यातून व्हरांड्याला एक उतार बांधू या. लागणारी वाळू आणि गडी माझे. सर पुढच्या मेळाव्याला त्यावरूनच वर येतील.

आणि बाई, कालचं गाणं दुसऱ्या कडव्यावर राहिलंय. या सभागृहाला पक्कं छत आहे, दारं चार आहेत आणि चारही उघडी आहेत, मी मघाशी पाहून आलोय. पेटीवाला तयार आहे. आज मी हात खिशात ठेवून बसतो. तुम्ही पूर्ण करा.